बाबांचा नकाशा आणि अलका चौक

कोथरूडहून येणाऱ्या पाहुण्यांसाठी बाबांनी मागच्या रविवारी पाठकोऱ्या कागदावर आमच्या सदाशिव पेठेतील घराचा नकाशा काढला. त्यात लकडी पूल होता, पुलाअलीकडे डेक्कनला केव्हाच पाडलेले नटराज चित्रपटगृह होते आणि अलका टॉकीजचा चौक त्यांनी बेरजेच्या चिन्हासारखा सरळसोट काढला होता. प्रत्यक्षात तेथे टिळक, लक्ष्मी, केळकर आणि शास्त्री रस्ते निरनिराळ्या तिरप्या कोनांतून येऊन मिळतात, आणि बाबा पन्नासहून अधिक वर्षे त्या चौकातून सायकलने ये-जा करत आले आहेत.

ही चूक त्यांच्या एकट्याची नाही. ओळखीच्या गावातील चौक आठवून काढताना माणसे तिरपे कोन काटकोनाकडे ओढतात आणि वळणावळणाचा रस्ता असतो त्याहून लांबचा समजतात, हे मानसशास्त्रज्ञांना १९७०च्या दशकापासून ठाऊक आहे. म्हणजे डोक्यातला नकाशा मोजमाप करून काढलेला नसतो. ये-जा करण्यापुरता तो पुरला की झाले.

असा नकाशा खरोखरच असतो, हे मानसशास्त्रज्ञ एडवर्ड टोलमन यांनी १९४८ साली उंदरांवरील प्रयोगांच्या आधारे मांडले. मेंदूतली त्याची जागा मात्र पुढे सापडली. मेंदूशास्त्रज्ञ जॉन ओकीफ यांना १९७१ साली उंदराच्या मेंदूतील हिप्पोकॅम्पस या भागात अशा पेशी दिसल्या, ज्या उंदीर एका ठरावीक ठिकाणी आला की सक्रिय होत. या शोधासाठी आणि नंतरच्या जाळीपेशींच्या, म्हणजे जागेवर जाळीसारख्या नियमित अंतराने सक्रिय होणाऱ्या पेशींच्या, शोधासाठी ओकीफ, माय-ब्रिट मोसर व एडवर्ड मोसर यांना २०१४ चे नोबेल मिळाले. घडलेल्या प्रसंगांची आठवण साठवण्यासाठीही हाच हिप्पोकॅम्पस लागतो, आणि मला सर्वांत रोचक वाटते ते हेच. लग्नानंतरचा पहिला सिनेमा बाबांनी आईबरोबर नटराजला पाहिला होता. ते नकाशातून पुसले जाणे कठीणच.

सरावाने या भागात बदलही होतो. लंडनचे टॅक्सीचालक परवान्यासाठी सुमारे पंचवीस हजार रस्ते पाठ करतात. २०११ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात ७९ उमेदवारांपैकी ३९ उत्तीर्ण झाले, आणि हिप्पोकॅम्पसच्या मागील भागातील वाढ फक्त त्यांच्यातच दिसली.

मग फोनवरच्या बाणाचे काय? लंडनच्या सोहो भागातून संगणकावर वाट शोधताना, जेथे पुढे अनेक फाटे फुटतात तेथे स्वयंसेवकांच्या हिप्पोकॅम्पसची सक्रियता वाढत असे. उपकरण वाट सांगू लागले की ती वाढ दिसेनाशी होई, असे २०१७ च्या एका अभ्यासात आढळले. यावरून फोनमुळे मेंदू आकसतो असे निदान करणे उतावीळपणाचे आहे, पण फाटा निवडायचे काम आपण करत नसलो, तर त्या फाट्यापाशी हिप्पोकॅम्पसही तसा कामाला लागत नाही, एवढे तरी समजते.

पाहुणे अर्थातच फोन बघत आले. चहा झाल्यावर मी त्यांना गॅलरीत नेऊन नदी कोणत्या बाजूला आहे असे विचारले, तेव्हा दोघांनी दोन दिशांना हात केले. निघताना त्यांनी कौतुकाने तो कागद मागून घेतला. देण्यापूर्वी बाबांनी चष्मा लावून नटराजला कंस घातला आणि शेजारी ‘आता नाही’ असे लिहिले.