घरगुती इंटरनेट जोडणीतील दोषशोध

घरातले नेट बंद पडले किंवा मंदावले, की बिघाड बाहेरून येणाऱ्या तारेत आहे, राउटरमध्ये आहे की राउटर आणि मोबाइल यांच्यामधल्या वाय-फायमध्ये, हे टप्प्याटप्प्याने ठरवण्याची पद्धत. नवा राउटर विकत घेऊनही नेट तसेच राहते, ते बहुधा हे न ठरवल्यामुळे.

भारतात सर्वसामान्यांसाठी इंटरनेट १५ ऑगस्ट १९९५ रोजी विदेश संचार निगमने मुंबईसह मोजक्या शहरांत सुरू केले. तेव्हा ते टेलिफोनच्या तारेवरून येई. पुढे केबलवाल्यांनी गच्चीवरून गच्चीवर लॅनच्या वायरी ओढल्या. आता पुष्कळ इमारतींत फायबर (प्रकाशावाटे संदेश नेणारी काचेची तार) पोचले आहे. घरात ते ओएनटी नावाच्या डबीत संपते. पुष्कळदा ही डबी आणि राउटर एकच असतात.

पहिला उपाय सर्वांना ठाऊक असलेलाच: अडॅप्टर बंद करून अर्धा मिनिट थांबावे, मग चालू करून दोन-तीन मिनिटे वाट पाहावी. राउटरचे अडकलेले काम यात मोकळे होते आणि जोडणी नव्याने लागते. मात्र मागच्या बारीक भोकातले रीसेटचे बटण टाचणीने दाबण्याची घाई कधीही करू नये. त्याने वाय-फायचे नाव आणि पासवर्डच नव्हे, तर कंपनीने भरून दिलेले लॉगिनही पुसले जाऊ शकते. मग साधा बिघाड असला तरी माणूस येईपर्यंत घर नेटविना बसते.

त्यानंतर डबीवरचे दिवे पाहावेत. एलओएसचा (‘लॉस ऑफ सिग्नल’, म्हणजे संदेश तुटल्याचा) दिवा लाल असेल, तर फायबरमधून पुरेसा प्रकाशच पोचत नाही. अशा वेळी मोबाइलच्या सेटिंगमध्ये काहीही केले तरी उपयोग नाही. आधी डबीत शिरणारी, हिरव्या टोकाची पातळ तार पाहावी. कपाट भिंतीला सरकवताना ती मागे दुमडते आणि त्या दुमडीतून प्रकाश बाहेर निसटतो. तार हलकेच सैल गोलाईत सोडली, की कित्येकदा दिवा विझतो. टोक काढून त्यात डोकावू नये: आतला प्रकाश दिसत नाही, पण डोळ्याला अपाय करू शकतो. तार ठीक असेल, तर बिघाड बाहेर. पावसाळ्यात वरून गेलेल्या तारांवर फांद्या पडतात, रस्त्याच्या खोदकामात केबल तुटते, डक्टमध्ये उंदीर कुरतडतात. पॉनचा (फायबरवरून कंपनीशी जोडणी लागल्याचा) दिवा स्थिर आहे आणि फक्त इंटरनेटचा लागत नाही, तर प्लॅनची मुदत संपली आहे का ते पाहावे. नसेल तर लॉगिन किंवा कंपनीकडची यंत्रणा अडली आहे.

नेट चालू पण संथ, ही मुंबईतली नेहमीची तक्रार. लॅपटॉप वायरने थेट राउटरला जोडून वेग मोजावा. वायरवर पूर्ण वेग मिळाला, तर दोष वाय-फायचा. वाय-फायच्या २.४ गिगाहर्ट्झ पट्ट्यात एकमेकांवर न येणारे चॅनल (लहरींच्या वाटा) तीनच: १, ६ आणि ११. चाळीत किंवा खेटून उभ्या इमारतींत ते शेजारच्या राउटरांशी वाटून घ्यावे लागतात. ५ गिगाहर्ट्झवर गर्दी कमी आणि वेग जास्त, पण आरसीसीच्या भिंतीपलीकडे तो लवकर क्षीण होतो. राउटर लोखंडी कपाटामागे न ठेवता घराच्या मध्यावर, उंच जागी ठेवावा. याने जो फरक पडतो तो महागड्या अँटेनांनीही पडत नाही. ३०० एमबीपीएसचा प्लॅन असून वायरवरही आकडा ९५च्या आसपास अडकत असेल, तर लॅन केबलवर संशय घ्यावा. तिच्या चार जोड्यांपैकी एक तुटली, तरी वेग १०० वर उतरू शकतो.

तक्रार नोंदवताना ‘नेट चालत नाही’ एवढे सांगू नये. ‘रात्री दहापासून एलओएस लाल आहे, आतली तार तपासली’ असे सांगावे, म्हणजे येणारा माणूस पॉवर मीटर (तारेतल्या प्रकाशाची ताकद मोजणारे यंत्र) आणि फायबर जोडण्याचे यंत्र पहिल्याच फेरीत घेऊन येतो.