पहिल्या तीन मिनिटांचा ऑक्सिजन

स्वस्थ बसलेल्या माणसाचे शरीर मिनिटाला साधारण पाव लिटर ऑक्सिजन वापरते. तोच माणूस उठून धावायला लागला, की स्नायूंची ऊर्जेची गरज पहिल्याच पावलाला कैक पटींनी वाढते. शरीरात घेतला जाणारा ऑक्सिजन मात्र तेवढ्या झटक्यात वाढत नाही. तो चढत चढत जातो आणि वेग बेताचा असेल तर दोन-तीन मिनिटांनी एका पातळीवर स्थिरावतो. पोलीस भरतीचे १६०० मीटर ज्याने धावून पाहिले आहेत, त्याला हे पायांतून ठाऊक असते. मग मधल्या वेळात स्नायू कशावर चालतात? या प्रश्नाने शरीरक्रियाशास्त्राला शतकभर कामाला लावले. उत्तर दर वेळी बदलले, आणि ते बदलायला बहुतेकदा नवे यंत्र किंवा नवी पद्धत कारण ठरली.

मोजमापाची सुरुवात पॅरिसची. बाहेर राज्यक्रांतीचा गदारोळ सुरू असताना, १७९०च्या सुमारास, फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ आंत्वान लाव्हाझिएने आपला सहकारी आर्मां सेगँ याला मुखवटा चढवून बसवले आणि पायाने वजन उचलायला लावले. उपाशीपोटी नुसते बसल्यावर तासाला सुमारे २४ लिटर ऑक्सिजन लागला, काम करताना सुमारे ६३. या प्रयोगाची चित्रे लाव्हाझिएची पत्नी मारी-आन हिने काढली आहेत आणि त्यांत टेबलाशी बसून नोंदी घेणारी ती स्वतःही दिसते. १७९४ मध्ये लाव्हाझिए गिलोटिनवर गेला.

एकोणिसाव्या शतकातल्या दोनच गोष्टी इथे पुरेत. १८५०च्या दशकात इंग्रज डॉक्टर एडवर्ड स्मिथने लंडनच्या कोल्डबाथ फील्ड्स तुरुंगात, कैद्यांना शिक्षा म्हणून तुडवायला लावत त्या पायचक्कीवर, उच्छ्वासातला कार्बन डायऑक्साइड मोजला. पुढे बर्लिनमध्ये नाथान त्सुंट्झने प्रयोगशाळेत ट्रेडमिल आणली.

खरा फरक पडला तो १९११ मध्ये, ऑक्सफर्डच्या क्लॉड डग्लसच्या पिशवीने. रबराचे अस्तर लावलेली ही कापडी पिशवी पाठीवर बांधायची, नाकाला चिमटा लावायचा, तोंडात झडपांची नळी धरायची. श्वास बाहेरच्या हवेतून आत येतो आणि उच्छ्वास सगळा पिशवीत जातो. ठरल्या वेळी तोटी फिरवून पिशवी बंद करायची, आतली हवा मीटरमधून सोडून मोजायची आणि तिचा छोटा नमुना हॉल्डेनच्या उपकरणात घालायचा. तिथे पोटॅशचे द्रावण कार्बन डायऑक्साइड शोषून घेते, पायरोगॅलॉल ऑक्सिजन शोषून घेते आणि किती वायू कमी झाला यावरून प्रमाण कळते. बाहेरच्या हवेत ऑक्सिजन २०.९३ टक्के असतो. जोरात धावणाऱ्याने मिनिटात १०० लिटर हवा बाहेर टाकली आणि तिच्यात १७ टक्क्यांच्या आसपास ऑक्सिजन उरला, तर त्या मिनिटात सुमारे चार लिटर अंगी लागला. हिशेब सोपा, पण हात सराईत लागतो. आजही नवे यंत्र पारखायचे तर हीच पिशवी काढतात.

पिशवीची अडचण एवढीच, की ती सरासरी सांगते. महिन्याच्या वाणसामानाच्या बिलावरून एक तारखेला काय आणले ते कळत नाही, तसेच मिनिटभर भरलेल्या पिशवीवरून पहिल्या दहा सेकंदांचे काही कळत नाही. तरीही १९१३ मध्ये कोपनहेगनच्या ऑगस्ट क्रोग आणि योहानेस लिंडहार्ड यांनी कामाच्या सुरुवातीचेच क्षण अभ्यासाला घेतले. श्वास आणि नाडी जवळजवळ लगेच उसळी घेतात, ऑक्सिजनचा वापर मागे रेंगाळतो, हे त्यांनी दाखवले. माझ्या मते या विषयातले हे सर्वांत कमी वाखाणलेले काम आहे.

वाखाणला गेला तो इंग्रज शरीरक्रियाशास्त्रज्ञ ए. व्ही. हिल. १९२०च्या दशकाच्या आरंभी मँचेस्टरमध्ये तो स्वतः पाठीवर पिशवी घेऊन गवताच्या धावपट्टीवर फेऱ्या मारायचा. मिनिटाला सुमारे चार लिटरला त्याचा ऑक्सिजन अडला. त्यापुढे वेग वाढवला तरी आकडा हलेना. आज ज्याला व्हीओटू मॅक्स म्हणतात, त्या कल्पनेचा उगम हा. दुसरी कल्पना ऑक्सिजनच्या कर्जाची. सुरुवातीला पडलेली तूट स्नायू लॅक्टिक आम्ल तयार करून भागवतात आणि थांबल्यावर जी धाप चालू राहते ती त्या आम्लाची परतफेड, असे हिल आणि हार्टली लप्टन यांनी १९२३ मध्ये मांडले. स्नायूंच्या उष्णतेवरील कामासाठी हिलला १९२२चे नोबेलही मिळाले, त्यामुळे या मांडणीला वजन आले.

सिद्धान्त देखणा होता आणि बराचसा चुकीचा. १९३० मध्ये आयनर लुंड्सगार्डने एक विष देऊन स्नायूंत लॅक्टिक आम्ल बनणेच बंद केले, तरी स्नायू काही काळ आकुंचन पावत राहिले. ऊर्जा फॉस्फोक्रिएटिन या स्नायूंतच साठवलेल्या, झटपट ऊर्जा देणाऱ्या पदार्थातून येत होती. १९३३ मध्ये हार्वर्डच्या फटीग लॅबोरेटरीत मार्गारिया, एडवर्ड्स आणि डिल यांना दिसले, की हलक्या व्यायामानंतरही ‘कर्ज’ फिटत असते, पण लॅक्टिक आम्ल फारसे वाढलेलेच नसते. अखेर १९८४ मध्ये गेसर आणि ब्रुक्स यांनी कर्जाची भाषाच सोडावी असे सुचवले: व्यायामानंतर जास्त लागणाऱ्या ऑक्सिजनमागे चढलेले तापमान, संप्रेरके, वेगाने चालणारे हृदय अशी अनेक कारणे असतात आणि लॅक्टेट (लॅक्टिक आम्लाचे शरीरातले रूप) हे मुख्यतः जाळले जाणारे इंधन आहे. जिममध्ये मात्र दुसऱ्या दिवशीच्या अंगदुखीचे खापर अजून लॅक्टिक आम्लावरच फुटते.

सुरुवातीची मिनिटे स्वच्छ दिसली ती १९७०च्या दशकात, जलद गॅस विश्लेषक आणि संगणक जोडीला आल्यावर. १९७३ मध्ये बीव्हर, वॉसरमन आणि व्हिप यांनी प्रत्येक श्वासागणिक मोजण्याची पद्धत दिली आणि चढणीचे तीन भाग वेगळे निघाले. पहिली पंधरा-वीस सेकंदे हृदय फुफ्फुसांत जास्त रक्त ढकलते, म्हणून ऑक्सिजन वाढतो. स्नायूंतून परतलेले रक्त अजून पोचलेलेच नसते. मग वेगाची चढण, मग स्थिर पातळी. व्यायाम जड असेल तर ती पातळी उशिरा येते किंवा येतच नाही, आकडा हळूहळू वर सरकत राहतो. हा जादा खर्च कुठला? १९९१ मध्ये पूल आणि सहकाऱ्यांनी पायांतल्या रक्ताची मोजणी करून दाखवले, की त्यातला सुमारे ८६ टक्के काम करणाऱ्या पायांतच होतो. १९९६ मध्ये ग्रासी आणि सहकाऱ्यांना आढळले, की मध्यम व्यायामाच्या पहिल्या १०-१५ सेकंदांत पायांना रक्त भरपूर पोचते, पण स्नायू त्यातला ऑक्सिजन जास्त उचलत नाहीत. म्हणजे निरोगी माणसात उशीर पुरवठ्याचा कमी आणि पेशींतल्या यंत्रणेचा जास्त. यावर वाद संपलेला नाही.

मनगटावरच्या घड्याळात दिसणारे व्हीओटू मॅक्स म्हणजे नाडी आणि वेग यांवरून काढलेला अंदाज असतो. घड्याळ एकही श्वास मोजत नाही. हृदयरोग विभागात मात्र तोंडाला मुखवटा लावूनच सायकल चालवायला लावतात. दुबळ्या हृदयाच्या रुग्णात ही चढण खूप संथ असते आणि कमाल पातळीही खाली असते. १९९१ मध्ये डॉना मॅन्सिनी आणि सहकाऱ्यांनी हृदय प्रत्यारोपणाच्या निवडीसाठी कमाल ऑक्सिजन वजनाच्या दर किलोमागे मिनिटाला १४ मिलिलिटर किंवा त्याहून कमी, ही सीमा सुचवली. पुढे औषधे सुधारली, तसे अनेक रुग्णांसाठी ती १२पर्यंत खाली आणावी लागली.