बलाढ्य स्त्रीपात्रे (अद्भुतरम्य व्यूहखेळ व कथन)

पटावरील वा संगणकावरील व्यूहखेळांत आणि त्यांच्याशी नाते सांगणाऱ्या अद्भुतकथांत ज्यांच्या हाती निर्णायक सामर्थ्य असते अशा नायिका व खलनायिका. कथेत हे सामर्थ्य वर, शाप किंवा तप यांमुळे येते, तर खेळात ते चालीच्या नियमामुळे येते.

या पात्रांचा पूर्वेतिहास बुद्धिबळातील राणीपासून मांडला जातो. चतुरंग या बुद्धिबळाच्या प्राचीन भारतीय पूर्वरूपात राजाशेजारी मंत्री असे. फारसीत तोच फर्झिन व अरबीत फिर्झान झाला. तो तिरपे एकच घर चाले, त्यामुळे पटावरील दुबळ्या मोहऱ्यांत त्याची गणना होई. स्वित्झर्लंडमधील आइन्सीडेल्न मठातील लॅटिन कवितेत (सु. ९९७) या जागी प्रथम राणी आढळते, मात्र चाल तशीच मर्यादित राहिली. ‘फिर्झ’ या शब्दाचे फ्रेंचमध्ये ‘कुमारी’ या अर्थाच्या शब्दाशी ध्वनिसाम्य होऊन मंत्र्याची स्त्री झाली, ही जुनी उपपत्ती कालानुक्रमाशी जुळत नाही. कारण लॅटिनमधील राणी त्या फ्रेंच रूपाच्या आधीची आहे. राणीला आजची दूरगामी चाल मिळाल्याचा जुना पुरावा व्हॅलेन्सियातील एका काटालान कवितेत (सु. १४७५) आहे, आणि लुसेना या स्पॅनिश बुद्धिबळलेखकाच्या १४९७ मधील ग्रंथात जुन्या व नव्या अशा दोन्ही पद्धतींचे डाव दिले आहेत. कॅस्टीलच्या इझाबेला राणीच्या (कार. १४७४–१५०४) प्रभावाने हा बदल घडला, असे अमेरिकी लेखिका मॅरिलिन यालम यांनी सुचविले आहे. काळ व प्रदेश जुळत असले तरी थेट दुवा दाखविणारे साधन नसल्याने खेळ वेगवान करण्याची गरज हे कारण अधिक सयुक्तिक वाटते. मराठीत चाल युरोपीय राणीची आली, नाव मात्र वजिराचे राहिले. म्हणून पटावरील सर्वांत बलाढ्य मोहरे मराठीत आजही पुल्लिंगीच आहे.

संगणकीय खेळांत पात्राला स्वतःचे चरित्र मिळाले. ‘हीरोज ऑफ माइट अँड मॅजिक ३’ (१९९९) मधील राणी कॅथरीन पित्याचे राज्य सोडविण्यासाठी लढते. ‘वॉरक्राफ्ट ३’ (२००२) मधील सिल्व्हानस ही वनरक्षकांची सेनानी असते. शत्रू तिला ठार मारून पिशाचयोनीत आपली दासी करतो, आणि पुढे ती त्याच्या ताब्यातून सुटून स्वतःचे राज्य उभारते. ‘फायर एम्ब्लेम : थ्री हाउसेस’ (२०१९) मध्ये एडेलगार्ड एका कथामार्गावर नायिका, तर इतर मार्गांवर प्रतिपक्षाची असते. नायिका व खलनायिका यांतील सीमा येथे खेळणाऱ्याच्या निवडीवर सोपविलेली दिसते.

अशी सीमा भारतीय कथनातही स्थिर नाही. मार्कंडेय पुराणातील देवीमाहात्म्य (सर्वसाधारणपणे इ. स. पाचवे-सहावे शतक, काहींच्या मते नंतरचे) देवांच्या तेजापासून साकारलेल्या देवीला त्यांची आयुधेही मिळवून देते. त्यातील रक्तबीजाची कथा तर जवळजवळ खेळाच्या नियमासारखी आहे : थेंबागणिक नवा असुर उपजतो, म्हणून रक्त जमिनीवर पडण्याआधीच काली ते पिते. खान्देश हे सप्तशृंगीचे माहेर मानले जाते आणि चैत्रोत्सवात तेथील भाविक पायी गडावर जातात. सप्तशृंगी ही महिषासुरमर्दिनी मानली जात असल्याने महिषासुराच्या वधाची कथा त्यांना वेगळी सांगावी लागत नाही. मात्र महिषासुराशी जोडला जाणारा म्हसोबा शेताच्या बांधावर पूजिला जातो. काही ठिकाणी त्याचा देवीशी विवाहही लावला जातो, याकडे इतिहासकार दा. ध. कोसंबी यांनी लक्ष वेधले आहे. श्रावणात नारळाच्या रूपाने बसविली जाणारी खान्देशातील कानबाई मात्र असुरमर्दिनी नसून घरी येणारी कुलदैवतरूप पाहुणी आहे.

सातपुड्यातील डाकीण (करणी करणारी मानली जाणारी स्त्री) हे खलपात्र केवळ कथेतले नव्हे. या समजुतीपायी प्रत्यक्ष स्त्रियांचा छळ झाला आहे. एखाद्या व्यक्तीला करणी करणारी ठरवून त्रास देणे हा महाराष्ट्रात २०१३ च्या जादूटोणाविरोधी अधिनियमान्वये गुन्हा आहे.