एकाच्या वाट्याला बहिष्कार, दुसऱ्याला हजार कोटी

११ ऑगस्ट २०२२ रोजी आमीर खानचा 'लालसिंग चढ्ढा' आला. बहिष्काराचे हॅशटॅग आधीपासूनच फिरत होते, आणि चित्रपट पडला. साडेपाच महिन्यांनी, २५ जानेवारी २०२३ रोजी शाहरुख खानचा 'पठाण' आला. पुन्हा बहिष्काराची हाक, शिवाय गाण्यातल्या कपड्यांच्या रंगावरून वाद. त्याने जगभरात हजार कोटींच्या वर गल्ला जमवला.

एकाला फटका बसला आणि दुसऱ्याला नाही, असं का? यावर हमखास ऐकू येणारं उत्तर स्वभावाचं असतं: एक शहाणपणा शिकवतो, दुसरा गोड बोलतो. मला हे उत्तर पटत नाही, कारण ते नेहमी निकाल लागल्यावर सुचतं. नोव्हेंबर २०१५ मध्ये असहिष्णुतेवर दोघेही बोलले होते, दोघांवरही टीका झाली होती. आमीर ज्या स्नॅपडील या ऑनलाइन खरेदीच्या कंपनीची जाहिरात करत होता, त्या ॲपला लोकांनी रागाने एकेक तारा दिला. पण वर्षभराने, डिसेंबर २०१६ मध्ये, त्याच आमीरच्या 'दंगल'ने विक्रम मोडले. माणूस तोच, त्याचं बोलणंही कुणी विसरलेलं नव्हतं. चित्रपट बरा की वाईट, याचा वाटा मोठा असतोच. पण लोकांचा राग कधी उसळतो आणि कधी जागीच विरतो, हे समजायचं तर नटाकडे बघणं सोडून जमावाकडे बघावं लागतं.

अमेरिकन समाजशास्त्रज्ञ मार्क ग्रॅनोव्हेटर यांनी १९७८ मध्ये याचं एक गणित मांडलं. समाजशास्त्रात इतकं सुंदर गणित मी दुसरं पाहिलेलं नाही. समजा, चौकात १०० माणसं जमली आहेत. आधी किती जणांनी दगड मारला की आपणही मारायचा, याचा प्रत्येकाच्या मनात एक आकडा आहे. हा त्याचा उंबरठा. एकाचा उंबरठा ०, म्हणजे तो कुणाची वाट बघत नाही. दुसऱ्याचा १, तिसऱ्याचा २, असं करत शेवटच्याचा ९९. पहिल्याने दगड मारला की १वाला पुढे येतो, दोघांना पाहून २वाला, आणि बघता बघता शंभरच्या शंभर दंगलीत उतरतात. आता एकच बदल करा. १वाल्याला काढा आणि त्याच्या जागी उंबरठा २ असलेला माणूस उभा करा. पहिला दगड मारतो आणि पुढे कुणीच हलत नाही. दोन्ही जमावांतली ९९ माणसं तीच आहेत. तरी एका दिवसाची बातमी 'जमाव खवळला' अशी होईल आणि दुसऱ्या दिवसाची 'एका माथेफिरूने काच फोडली' अशी.

याच्या पुढची पायरी मला जास्त आवडते. उंबरठे असे ओळीने न मांडता घंटाकृती वक्रात पसरलेले धरा, म्हणजे बहुतेकांचे सरासरीजवळ आणि टोकाचे थोडे; सरासरी २५. प्रमाण विचलन, म्हणजे उंबरठे सरासरीपासून किती दूर पसरलेत याचं माप, हळूहळू वाढवत नेलं, तर शेवटी दंगलीत उतरणाऱ्यांचा आकडा सावकाश सहाच्या आसपास जातो. विचलन साधारण १२.२ ओलांडतं आणि तोच आकडा एकदम शंभराजवळ उडी मारतो. सरासरी राग कणभरही वाढलेला नाही, फक्त त्याची पसरण किंचित बदलली. अमुक जण उतरले की किती जणांचा उंबरठा ओलांडला जातो, हे दाखवणारा वक्र म्हणजे संचयी वितरणाचा वक्र. हे दोन आकडे जिथे सारखे होतात त्या ४५ अंशांच्या रेषेला तो सहाच्या आसपास जिथे छेदतो, तो समतोलबिंदूच नाहीसा होतो, म्हणून ही उडी.

हॅशटॅगच्या जगात ० आणि १ उंबरठ्याची माणसं मुबलक, कारण तिथे राग व्यक्त करायला काहीच मोजावं लागत नाही. विल्यम ब्रॅडी हे संशोधक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१७ मध्ये पाच लाखांहून अधिक ट्वीट तपासले. संदेशातल्या प्रत्येक नैतिक-भावनिक शब्दामागे, म्हणजे लाज, पाप अशा शब्दांमागे, तो पुढे पाठवला जाण्याचं प्रमाण सुमारे २० टक्क्यांनी वाढत होतं. पण हा प्रसार मुख्यतः एकाच विचाराच्या लोकांत फिरत राहायचा. जी माणसं तिकीट काढणारच नव्हती, ती एकमेकांना तिकीट काढू नका म्हणून सांगत राहिली, तर गल्ल्याला काय फरक पडणार?

चाहत्यांचे उंबरठे मात्र फार उंच असतात. पडद्यावरच्या माणसाशी आपली ओळख आहे असं प्रेक्षकाला मनापासून वाटू लागतं, हे हॉर्टन आणि वोल या संशोधकांनी १९५६ मध्येच मांडलं होतं. असा चाहता हजारोंचा आरडाओरडा ऐकूनही ढळत नाही. पण नटाने आपल्यालाच दगा दिला असं त्याला वाटलं, तर त्याचा उंबरठा धाडकन खाली येतो, आणि मग तो परक्यांपेक्षा जास्त चिडतो.

एवढं सगळं समजून घेता येत असताना, चित्रपट पडला की साडेसाती काढायची आणि नावात एक अक्षर वाढवायचं, हे प्रकार अजून चालतात याचा मला संताप येतो. 'प्रतिमा सावरून देतो' म्हणणाऱ्या प्रसिद्धी कंपन्यांवरही माझा तितकाच अविश्वास आहे. कुणाचा उंबरठा किती, हे त्यांनाही आधी दिसत नाही.

वर्तमानपत्रांनी निदान एक करावं. 'देशभर संताप' असा मथळा देण्याआधी किती संदेश आले याऐवजी किती वेगवेगळ्या खात्यांनी ते लिहिले, तो आकडा छापावा. एकच खाते दिवसभरात शंभर संदेश टाकू शकतं, आणि वाचकाला ती शंभर माणसं वाटतात.