क्राकेनच्या पाठीवरची मासेमारी

अख्खं गलबत विळख्यात घेऊन खाली ओढणारा क्राकेन, हा दंतकथेतला समुद्री राक्षस, आपण चित्रांतून पाहिलेला असतो. नॉर्वेच्या मच्छीमारांनी सांगितलेला क्राकेन याहून बराच निराळा, खरं तर फायद्याचा होता.

बर्गनचे बिशप एरिक पाँटोपिडान यांनी १७५२-५३ मध्ये नॉर्वेच्या निसर्गावर ग्रंथ काढला. त्यात मच्छीमारांच्या तोंडची हकीकत आहे. उन्हाळ्यात दूर समुद्रात, जिथे ८०-१०० वाव (एक वाव म्हणजे सुमारे सहा फूट) पाणी असायला हवं तिथे २०-३० वावांतच खोली मोजायची दोरी टेकली, की खाली क्राकेन आहे असं समजायचं. आणि पळायचं नाही! गळ सोडायचे, कारण त्याच्या पाठीवर कॉड माशांची झुंबड. पाणी आणखी उथळ होऊ लागलं, म्हणजे धूड वर येतंय. तेव्हा मात्र वल्ही मारत दूर सटकायचं. कुणाची होडी भरून आली, तर ‘क्राकेनवर गेला होतास वाटतं’ असं म्हणत. मला तर यात मासळीच्या जागेचीच खूण दिसते. बिशपसाहेबांनी त्याच्या पाठीचा घेर दीड मैल लिहिला खरा, पण त्यांच्या मते मुख्य धोका तो बुडताना होणाऱ्या भोवऱ्याचा.

जहाजं गिळणारं रूप प्रामुख्याने पुढचं. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला पिएर द माँफोर या फ्रेंच अभ्यासकाने शिडाच्या जहाजाला कवटाळणारा ऑक्टोपस छापला आणि तेच चित्र लोकांच्या डोक्यात बसलं.

या गोष्टींमागचा खरा प्राणी बहुधा महाकाय माकूल (स्क्विड). १८५३ मध्ये डेन्मार्कच्या किनाऱ्याला असं एक प्रचंड माकूल लागलं. लोकांनी त्याचे तुकडे करून आमिषाला वापरले. उरली ती चोच. तिच्या आधारे प्राणिशास्त्रज्ञ यापेटुस स्टेनस्ट्रुप यांनी १८५७ मध्ये ‘आर्किट्युथिस’ हे शास्त्रीय नाव दिलं. आजच्या कॅनडातल्या न्यूफाउंडलंडमध्येही अशी माकुलं आमिषाला नाहीतर कुत्र्यांच्या पुढ्यात जात. तिथेच १८७३ मध्ये हेरिंग माशांच्या जाळ्यात एक सापडलं. मोझेस हार्वे या पाद्रीबुवांनी ते विकत घेतलं आणि घरातल्या न्हाणीच्या टबावरच्या दांडीवर त्याचे हात टांगून फोटो काढवला.

खोल पाण्यातल्या जिवंत महाकाय माकुलाचे फोटो मिळायला मात्र २००४ उजाडलं. जपानच्या ओगासावारा बेटांजवळ त्सुनेमी कुबोदेरा आणि क्योइची मोरी यांनी कॅमेऱ्यासोबत आमिष लावलेला गळ ९०० मीटर खोल सोडला होता. माकूल त्यात अडकलं, चार तासांहून अधिक झटापट करून निसटलं आणि सोंडेसारख्या लांब हाताचा साडेपाच मीटरचा तुकडा गळाला राहिला.