प्रोग्रेसिव्ह काच (चष्म्याची)

चाळिशी लागलेल्या डोळ्याला लांबचे, मधले आणि जवळचे एकाच काचेतून दाखवणारी, बायफोकलसारखी मधली रेघ नसलेली काच. वरच्या भागात लांबचा नंबर असतो. तिथून खाली साधारण 11 ते 18 मिमीच्या चिंचोळ्या पट्ट्यात, म्हणजे कॉरिडॉरमध्ये, वक्रता वाढत जाते आणि तळाशी वाचायचा नंबर पूर्ण होतो. दोन्ही नंबरांतला फरक म्हणजे ॲडिशन. फ्रान्समध्ये बर्नार मेतनाझ यांची व्हॅरिलक्स 1959 मध्ये बाजारात आली, तेव्हापासून हा प्रकार रुळला.

काचेच्या दोन्ही कडांना, खालच्या बाजूला, धूसर दिसतेच. त्याला ‘काच खराब निघाली’ म्हणणे चूक. 1963 मध्ये मिंकविट्झ यांनी मांडलेल्या नियमानुसार, मधल्या रेषेवर नंबर ज्या वेगाने वाढतो, त्याच्या दुप्पट वेगाने आडव्या दिशेला नको असलेला सिलिंडर, म्हणजे एकाच दिशेने लागू होऊन दिसणे धूसर करणारा नंबर, वाढतो. ॲडिशन 2.00 आणि कॉरिडॉर 14 मिमी असेल तर मधोमधपासून जेमतेम 1.75 मिमीवर अर्धा डायॉप्टर (नंबराचे एकक) सिलिंडर येतो. म्हणजे स्वच्छ पट्टा साडेतीन मिमीचा. लहान फ्रेमच्या हौसेपायी कॉरिडॉर आखूड घेतला की तो आणखी अरुंद होतो. संगणकाने बिंदूबिंदूला कातलेली महाग फ्रीफॉर्म काच हा धूसरपणा सोयीच्या जागी सरकवते, नाहीसा करत नाही.

म्हणून सगळे मापावर येते. तालुक्याच्या दुकानात बहुतेक गोंधळ इथेच होतो: दोन बाहुल्यांतले अंतर 64 मिमी आले की निम्मे करून 32–32 लिहितात, डोळे मात्र नाकाच्या मध्यापासून 31 आणि 33 वर असतात. पावणेदोन मिमीतला एक इथेच गेला. प्रत्येक डोळ्याचे माप वेगळे घ्यावे. फ्रेम आधी नाकाकानावर नीट बसवावी, मग गिऱ्हाइकाच्या डोळ्यांच्या पातळीत बसून डमी काचेवर बाहुलीचा मध्य पेनाने टिपावा आणि तिथून फ्रेमच्या खालच्या काठापर्यंतची उंची मोजावी. 14 मिमी कॉरिडॉरला साधारण 18 मिमी उंची हवी. खूण वर गेली तर लांबचे धूसर दिसते, माणूस हनुवटी खाली घेऊन पाहतो. खाली गेली तर वाचताना चष्मा बोटाने उचलतो.

कृषी केंद्राच्या गल्ल्यावर ही काच शोभते: दारातले गिऱ्हाईक, रॅकवरच्या बाटल्या, बिलबुक, तिन्ही अंतरे सांभाळते. वावरात तसे नाही. धुऱ्यावरून चालताना नजर खालच्या, वाचायच्या भागातून जमिनीवर पडते. पाऊल कुठे पडते ते धूसर दिसते आणि ठेच लागते. अशा वेळी मान वाकवून वरच्या भागातून पाहावे. दिवसभर शेतात राहणाऱ्याला लांबचा वेगळा चष्माच बरा.

तक्रार आली की काच परत पाठवण्याआधी खुणा तपासाव्यात. काचेवर फुंकर मारून वाफ धरली की 34 मिमी अंतरावरच्या दोन कोरीव खुणा दिसतात. कानाकडच्या खुणेखाली ॲडिशन असते. कंपनीच्या तक्त्यावर ठेवून पेनाने फिटिंगची खूण पुन्हा उमटवावी आणि ती बाहुलीवर येते का पाहावे. मे महिन्यात घामाने फ्रेम दोनतीन मिमी घसरलेली असते. नाकाचे पॅड जवळ घेतले आणि दांडी कानामागे वळवली की पुष्कळदा काम भागते.