हाताचा ठसा की हाताची आउटलाइन?

‘उद्या हँडप्रिंट अ‍ॅक्टिव्हिटी आहे, जुने कपडे घालून पाठवा’ असा मेसेज नर्सरीच्या ग्रुपवर आला की ठाण्यातल्या कुठल्याही घरात रंगाने माखलेला पंजाच डोळ्यांसमोर येतो. संध्याकाळी दप्तरातून मात्र कधी रंगीत पंजा निघतो, तर कधी हाताभोवती पेन्सिल फिरवून काढलेली वेडीवाकडी रेघ. भिंतीवर टांगल्यावर दोन्हींचा फ्लेमिंगो पक्षीच होतो, म्हणून दोन्ही एकच समजलं जातं. पण मुलाच्या बाजूने पाहिलं तर ही दोन वेगळी कामं आहेत.

ठसा घेताना मूल हात देतं. त्याला मिळतो तो रंगाचा गार, चिकट स्पर्श आणि हात उचलल्यावर कागदावर आपलाच हात उमटल्याचं नवल. तीन वर्षांच्या मुलाला हे सहज जमतं, कारण कौशल्य फारसं लागतच नाही. आउटलाइनला लागतं. एक हात अजिबात हलवायचा नाही आणि दुसरा सतत हलवायचा, हे साधारण पाचव्या वर्षाच्या आसपास जमू लागतं. त्याआधी पेन्सिल बोटांच्या बेचक्यात अडकते, करंगळीवरून घसरते आणि शेवटी बाईच हात धरून रेघ पुरी करतात. मग ते चित्र कोणाचं?

हाच प्रश्न ठशालाही विचारावा. प्रदर्शनात सगळे पंजे एका रांगेत, सगळ्या पक्ष्यांचे डोळे एकाच मार्करचे असतील, तर मुलाचा वाटा पाच सेकंदांचा आणि बाकी बाईंचा. माझ्या मते ठसा घेऊन झाल्यावर उरलेला रंग मुलांना जुन्या वर्तमानपत्रावर मनसोक्त फासू द्यावा. खरी मजा तिथे असते, पण ते कागद फोटोत चांगले दिसत नाहीत, म्हणून टोपलीत जातात.

ठसा नीट उमटायचा तर हात रंगाच्या ताटलीत बुडवू नये, रेषा भरून जातात आणि नुसता डाग उरतो. स्पंजने किंवा ब्रशने पातळ थर द्यावा. कागदाखाली वर्तमानपत्राच्या दोन-चार घड्या ठेवाव्यात, म्हणजे तळव्याचा खोलगट भागही टेकतो. एकेक बोट हलकेच दाबावं आणि हात सरळ वर उचलावा. झेरॉक्सचा कागद ओला झाला की सुरकुततो. चित्रकलेचा जाड कार्ट्रिज पेपर बरा. अ‍ॅक्रिलिक आणि फॅब्रिक कलर हातासाठी नाहीत. फिंगर पेंट विकत घेताना आयएसआय खूण बघावी. खेळण्यांच्या गुणवत्तेबाबतच्या आदेशानुसार १ जानेवारी २०२१पासून ती बंधनकारक आहे. कॉर्नफ्लॉवर पाण्यात शिजवून खायचा रंग घातला तर घरीही पेस्ट होते, फक्त तो रंग हातावरून लगेच जाईल या भरवशावर राहू नये. आणि जुलैत हा घाट घालायचाच असेल तर वाळवायला जागा आधी शोधा. पावसाळ्यात एकावर एक ठेवलेले ठसे हमखास चिकटतात.

आउटलाइनला यातलं काही लागत नाही. जाड पेन्सिल किंवा खडू पुरे.

काही मुलांना तळव्याला रंग लागलेला अजिबात सोसत नाही. त्यांच्यावर जबरदस्ती नको. गौरी येतात तेव्हा किंवा गोकुळाष्टमीला घरोघरी मुठीची कड तांदळाच्या पिठात बुडवून पावलं उमटवतात आणि वर बोटांच्या टोकांनी पाच ठिपके देतात, तेवढं अशा मुलांनाही चालतं. नाहीतर त्यांना सरळ आउटलाइन द्यावी.

फ्लेमिंगो करायचा असेल तर ठसाच. उजवा पंजा कागदावर आडवा ठेवायचा, बोटं उजवीकडे, अंगठा ताठ वर. अंगठा झाला मान, बोटं झाली शेपटीची पिसं, पक्षी डावीकडे बघतो. डाव्या हाताने केला की उलटा, म्हणजे दोन हातांत समोरासमोरची जोडी तयार. पाय आणि वाकडी चोच मुलांनाच काढू द्या. ऐरोलीच्या खाडीकडे किंवा सीवूड्सच्या तळ्याकाठी ज्यांनी हे पक्षी पाहिलेत, ती मुलं पाय अचूक लांब काढतात. ठाणे खाडी २०१५मध्ये फ्लेमिंगो अभयारण्य झाली आणि २०२२मध्ये रामसर यादीत, म्हणजे जगातल्या महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या यादीत गेली. मुलांना मात्र एवढंच सांगावं की फ्लेमिंगोंचा गुलाबी रंग त्यांच्या खाण्यातून येतो आणि पिल्लं करडी असतात. मग एखादा करडा पंजाही उमटतो.

एक घोळ पालक नेहमी करतात. जूनमधला ठसा आणि मार्चमधली आउटलाइन शेजारी ठेवून ‘बघा, हात केवढा वाढला!’ ठसा हातापेक्षा जरा लहान येतो, कारण बोटांची गोलसर टोकं पूर्ण टेकत नाहीत. आउटलाइन मोठी येते, कारण पेन्सिल हाताच्या बाहेरून फिरते. वाढ बघायची तर दोन्ही वेळा आउटलाइनच काढावी, तीही मोठ्या माणसाने पेन्सिल उभी धरून. आठवण म्हणून जपायचा असेल तर ठसा ठेवा आणि मागे तारीख लिहा, कारण दोन भावंडांचे पंजे पुढे कोणालाच ओळखता येत नाहीत.